वाचनीसबाईंचं सकाळचं वाचन

जकातघरात वाचनीस नावाचं पद कधीच नव्हतं. चिटणीस असतात, फडणीस असतात, म्हणून बंदरावरच्या कुणा टवाळाने हे नाव काढलं आणि ते बाईंना असं चिकटलं की पगाराच्या दिवशी शिपाईसुद्धा 'वाचनीसबाई, सही' असंच ओरडायचा. कागदोपत्री त्या साध्या कारकून. पण साऱ्या जकातघरात त्यांच्यासारखं काम दुसऱ्या कोणाला नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतकं एकटं माणूसही दुसरं नव्हतं.

काम असं. जकातघराच्या जुन्या नियमांत एक कलम आहे: कोणत्याही मालावरचा दर अंगणात मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय लागू होत नाही. अंगण म्हणजे फाटकाच्या आतलं दगडी आवार, जिथे दिवसभर ट्रक उभे असतात. रोज सकाळी फाटक उघडण्याआधी बाई पहिल्या मजल्यावरच्या सज्जात यायच्या, चष्मा लावायच्या, "आजचे दर" म्हणायच्या आणि वरून आलेले बदल वाचायच्या. मग टॅरिफच्या जाडजूड पुस्तकातलं एक प्रकरण. आज काच आणि काचेच्या वस्तू, उद्या पिसं, कृत्रिम फुलं आणि माणसाचे केस, परवा बटणं, छत्र्या, खोटे दात. पुस्तक संपलं की पुन्हा पहिलं पान. जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'इतरत्र न सांगितलेल्या वस्तू' अशी एक ओळ असते. जे कशातच बसत नाही ते त्या ओळीत टाकायचं. ती ओळ बाई जरा सावकाश वाचायच्या.

वाचून झालं की चष्मा काढायच्या. मग अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला, वजनकाट्याशेजारी उभा असलेला मापाडी तोंडाशी हात नेऊन ओरडायचा, "ऐकलं!" तेही नियमात आहे. मापाड्याने 'ऐकलं' म्हटल्याशिवाय वाचन पुरं होत नाही. त्याचा आवाज असा, की छपरावरची कबुतरं उडायची. त्यानंतर फाटक उघडायचं, ट्रक आत घुसायचे, क्रेन चालू व्हायच्या, आणि वर कोणी काय वाचलं याची कोणाला फिकीर नसायची. दर सगळ्यांना फोनवर आधीच कळलेले असायचे. ट्रकवाले म्हणायचे, गाढवापुढे वाचली गीता. गाढव कोण, हे मात्र कोणी सांगायचं नाही.

मी त्याच सज्जाखाली, जिन्याच्या पोटात, टायपिंगचं दुकान चालवते. मालाची घोषणापत्रं, अर्ज, विनंत्या, झेरॉक्स. माझी जीभ माझ्या बोटांपेक्षा जास्त चालते असं माझा नवरा म्हणतो. खरं असेल. पण सासू, नणंद, दोन मुली आणि तो स्वतः, असे सगळे एकाच वेळी बोलत असताना आमच्या घरात गप्प बसणाऱ्याच्या ताटात भाजीही पडायची नाही. त्यामुळे न बोलणारं माणूस मला कळतच नसे. बाई रोज माझ्या दुकानावरून जिना चढायच्या. मी म्हणायचे, "काय बाई, बरं ना?" त्या मान हलवायच्या. देवाने एवढा खणखणीत आवाज दिलाय, आणि माणसाशी बोलायला मेला एक शब्द नाही! मला राग यायचा. शिष्ट आहेत, असा शिक्का मारून मी मोकळी झाले होते.

त्यांची हकिगत मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळली. त्यांच्या आधी हे वाचन त्यांचे मामा करायचे. वडील लवकर गेले म्हणून मामांनी भाचीला इथे चिकटवलं, पण चिकटवण्याआधी तयार केलं. रहदारीच्या रस्त्याच्या एका कडेला स्वतः उभे राहायचे, दुसऱ्या कडेला तिला उभं करायचे आणि मधून ट्रक-बस जात असताना तिने पुस्तक वाचायचं. एक शब्द जरी कळला नाही तरी पान पुन्हा पहिल्यापासून. "ओरडू नकोस गं, पोचव," म्हणायचे. मामा गेले. धाकटा भाऊ परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. आई अंथरुणाला खिळली. जी काही स्थळं आली ती आईच्या खाटेकडे बघून चहा पिऊन गेली. शेवटी आईही गेली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, त्यांत बाई एकट्या उरल्या. भावाचा अधूनमधून फोन यायचा. "ताई, बरी आहेस ना?" "बरी आहे." "काही हवंय का?" "नको." संपलं बोलणं.

आणि अशात नवे साहेब आले. साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. तरुण, नीटनेटके, सगळ्यांना 'अहो-जाहो' करणारे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सकाळचं वाचन पाहिलं आणि ते चक्रावले. एक बाई सज्जातून रिकाम्या अंगणाला खोट्या दातांवरचा दर सांगते आहे, हे काय चाललंय? त्यांनी ठरवलं, अंगणाच्या भिंतीवर मोठा पडदा लावायचा, त्यावर दर आपोआप झळकतील. वाचनाऐवजी पडदा चालेल अशी मंजुरी वरून आणायची आणि महिनाअखेर वाचन बंद. बाईंना मागच्या खोलीत जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांवर बसवायचं. पगार तोच, काम हलकं. कोणालाही वाटेल, बाईंची चंगळ झाली.

त्या दिवशी दुपारी बाई माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. मी झेरॉक्सचा कागद अडकला होता तो ओढत होते, तो तसाच सोडला.

"एक अर्ज टाइप करायचाय," त्या म्हणाल्या. चार हातांच्या दुकानात अंगणातला आवाज! फाटकावरच्या पहारेकऱ्याने मान वळवून पाहिलं.

"सांगा की. पण जरा हळू, बाई. मी इथंच आहे."

त्या ओशाळल्या. मग जे सांगायला लागल्या त्याचं पहिलंच वाक्य होतं, टॅरिफ म्हणजे कर नव्हे.

माझी बोटं थांबली. "जकातघरात बसून असं लिहिलं तर साहेब मला आधी बाहेर काढतील."

"लिहा हो. मामा सांगायचे. मूळ शब्द अरबी आहे, तअरीफ. कळवणं, माहीत करून देणं, ओळख सांगणं. कोणत्या मालाला काय पडेल ते व्यापाऱ्यांना कळवायचे, त्या कळवण्याला तो शब्द. मग तो गलबतांबरोबर फिरला. तुर्कांकडे गेला, इटलीच्या व्यापाऱ्यांनी त्याचा तारिफ्फा केला, फ्रेंचांनी शेपूट छाटलं, इंग्रजांनी टॅरिफ केला. या बंदरातून त्या बंदरात जाता जाता दरांची यादी असा अर्थ झाला, आणि आता तर लोक सरळ कर असाच घेतात."

इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून सज्जाबाहेर कधी ऐकली नव्हती. मला गंमत वाटायला लागली. "आणि आपण करतो ती तारीफ?"

"त्याच घरातली. माणसाची ओळख करून देताना चांगलंच सांगतात ना? त्यातून स्तुती झाली."

"म्हणजे जबर कर बसला की व्यापाऱ्याने समजायचं, आपली भारी तारीफ झाली!"

बाई हसल्या नाहीत. मी आणखी एक पुडी सोडली. बंदरावर एक म्हातारा दलाल होता, तो सांगायचा की स्पेनच्या टोकाला तारिफा म्हणून बंदर आहे, तिथले चाचे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना अडवून पैसे उकळायचे, त्यावरून हा शब्द आला. मला ती गोष्ट पसंत होती, कारण तीत चाचे होते.

"दंतकथा," बाई म्हणाल्या. "त्या गावाला तिथे उतरलेल्या एका सरदाराचं नाव पडलं. शब्दाशी त्याचा संबंध नाही. तुम्ही पुढे घ्या. कळवणं हाच या कामाचा अर्थ आहे. भिंतीवर दिवे लावले म्हणजे कळवलं असं होत नाही. कळवायला एक सांगणारं माणूस लागतं आणि एक ऐकणारं. आपल्या अंगणात दोन्ही आहेत. तरी वाचन चालू ठेवावं, ही विनंती."

मी टाइप केलं. त्या उठल्या नाहीत. स्टुलावर बसून बोटांनी चष्म्याची दांडी उघडमीट करत राहिल्या.

"आता सांगते ते लिहू नका," त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "वाचन बंद झालं तर मी बोलायचं कुठे?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दिवसभरात या बाईचं बोलणं तेवढंच होतं. काच, पिसं, छत्र्या, खोटे दात. ते काढून घेतलं तर हिच्या तोंडून शब्द निघायला जागाच उरत नव्हती. बोलायला मिळत नाही म्हणून माणूस सुकू शकतं, हे माझ्यासारख्या बडबडीला कधी सुचलंही नव्हतं. मी नुसतं "चहा घेता?" म्हटलं. त्या नको म्हणाल्या आणि अर्ज घेऊन गेल्या.

साहेबांनी अर्ज नीट वाचला. बाईंना बोलावून म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटतंय. नियमातला ऐकणारा खरंच ऐकत असेल, तर मी वाचन बंद करणार नाही. सोमवारी मी स्वतः अंगणात उभा राहतो. वाचायची एक ओळ ऐनवेळी माझ्या हाताने लिहून देतो. तुमचं झालं की मापाड्याला विचारतो, काय ऐकलंस? त्याने सांगितलं, की विषय संपला. पडदा परत पाठवतो."

बाई खाली आल्या तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसल्या की त्यांचा एक गाल आत जातो. "मापाडी एकही दिवस चुकलेला नाही," त्या म्हणाल्या. "मला ताप होता, आवाज बसला होता, तेव्हाही त्याला ऐकू गेलं होतं."

मी म्हटलं, "नाहीतर मी आहेच की! मी लवकर येते, मी ऐकते."

"नियमात मापाडी आहे. टायपिंगवाली नाही," बाई म्हणाल्या. ही थट्टा होती की नाही, अजून मला ठाऊक नाही.

मापाड्याला आगाऊ सांगून ठेवावं म्हणून आम्ही दोघी वजनकाट्याकडे निघालो. बाई एवढ्या वर्षांत अंगण ओलांडून तिकडे कधी गेल्या नव्हत्या. सकाळी त्या वर, तो खाली. मग त्या आपल्या टेबलापाशी, तो आपल्या काट्यापाशी. जेवणाची सुट्टी होती, क्रेन बंद होत्या. मापाडी पाठमोरा बसून डबा खात होता. नोकरीची शेवटची एक-दोन वर्षं उरलेला, रुंद पाठीचा माणूस.

"मापाडी," बाईंनी हाक मारली.

तो जेवत राहिला.

"अहो मापाडी!" हे सज्जातल्या आवाजात. पलीकडच्या गोदामातून दोन हमाल डोकावले. मापाड्याने शांतपणे पाण्याची बाटली उघडली. मी पुढे होऊन त्याच्या खांद्याला हात लावला, तसा तो इतका दचकला की डबा पालथा झाला. त्याने वळून बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आम्ही काही विचारायच्या आत त्याला कळलं की आम्हांला कळलं.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

तो त्यांच्या ओठांकडे बघत होता. जवळ असलं की त्याला तेवढं जमायचं. "नवा धक्का बांधत होते ना, तेव्हापासून," तो म्हणाला, त्याच त्या कबुतरं उडवणाऱ्या आवाजात, आणि मग स्वतःच घाबरून त्याने तोंडावर हात ठेवला. पुढचं कुजबुजत बोलला. धक्क्यासाठी समुद्रात खांब ठोकत होते, त्या वर्षी आधी कानात शिट्ट्या वाजायला लागल्या आणि मग त्याही थांबल्या. काट्याचं काम डोळ्यांचं आहे. अंगणात क्रेनच्या आवाजात सगळेच हातवारे करून बोलतात. कोणाला पत्ता लागला नाही. बायकोला ठाऊक होतं, बस. "बाई, बहिरा माणूस क्रेनखाली ठेवत नाहीत. घरी बसवतील. माझी धाकटी अजून शिकतेय."

"मग तुम्ही रोज 'ऐकलं' म्हणता ते?"

"तुम्ही चष्मा काढता की," तो म्हणाला.

बाईंनी खाली पडलेली पोळी उचलून त्याच्या डब्यात ठेवली, मग तिला माती लागली आहे हे लक्षात आल्यावर पुन्हा बाहेर काढली, आणि हातात घेऊनच उभ्या राहिल्या. नवा धक्का बांधला तेव्हा माझी थोरली पाळण्यात होती. आता ती कॉलेजात जाते. एवढी वर्षं रोज सकाळी बाई उच्चार घासूनपुसून, श्वास मोजून, शब्द पोचवत होत्या, आणि पलीकडे पालथ्या घड्यावर पाणी. या बाईचं बोलणं ऐकणारा जगात एक माणूस होता, आणि तोही नव्हता.

परत येताना मी शंभर युक्त्या सुचवल्या. हातांनी खुणा करा. मी काट्यामागे लपून त्याला लिहून दाखवते. साहेबांच्या कागदाची ओळ शिपायाकडून आधी काढून घेऊ. बाई ऐकत होत्या की नाही कोण जाणे. दुकानापाशी आल्यावर म्हणाल्या, "सोमवारी तो सापडेल. मग वाचनही जाईल आणि तोही जाईल. दोन्ही कशाला?"

जिना चढून त्या तडक साहेबांकडे गेल्या आणि विनंती मागे घेतली. "मी विचार केला. पडदाच बरा," एवढंच म्हणाल्या. साहेबांना आनंद झाला. बाई काळाबरोबर चालणाऱ्या आहेत, असं ते चार लोकांत बोललेसुद्धा. आता कुठे तारीफ झाली, ती अशी. मला इतका संताप आला की दोन दिवस मी बाईंना 'बरं ना?' सुद्धा विचारलं नाही. माणसाने स्वतःसाठी थोडं तरी भांडावं की नाही? आमच्या घरात रिमोटसाठी याहून जास्त भांडतात.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. आदल्या रात्री सासूबाईंशी माझी जुंपली होती, सकाळी पुन्हा तोच पाढा सुरू झाला, म्हणून मी चहा न घेताच घर सोडलं आणि वेळेच्या कितीतरी आधी दुकानात येऊन बसले. शटर अर्धं खाली, दिवा बंद. जरा शांतता मिळावी, एवढीच इच्छा. धुकं होतं. मोठं फाटक बंद होतं, मी बाजूच्या छोट्या दारातून आत आले होते. साहेब सुट्टीवर. नवा पडदा भिंतीवर बसवलेला होता पण अजून काळाच होता. शटरच्या खालून मला पलीकडचा वजनकाटा आणि मापाड्याचे पाय तेवढे दिसत होते.

वर सज्जाचं दार वाजलं.

"आजचे दर," बाई म्हणाल्या. नेहमीसारखंच. मग पान उलटल्याचा आवाज आला, आणि त्या थांबल्या. बाई कधी थांबत नसत.

"आज बदल नाही," त्या पुढे म्हणाल्या, त्याच संथ, सरकारी सुरात. "आज मला माझं सांगायचं आहे. मी संध्याकाळी घरी जाते, कडी लावते, आणि सकाळी इथे येईपर्यंत माझं तोंड उघडत नाही. रविवारी इथेही यायचं नसतं. रविवारी मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाते आणि मीठ घेते. मला मीठ लागत नाही. दुकानदार पुडा देताना 'आणखी काही?' असं विचारतो, म्हणून जाते. मी 'नाही' म्हणते आणि घरी येते. ओट्याखाली मिठाचे पुडे साठलेत. दमट हवेत त्यांना पाणी सुटतं, ते मी पुसते.

"आई होती तेव्हा ती रात्री उगाच हाका मारायची. मी चिडायचे. आता मी त्याच वेळेला जागी होते आणि कोणी हाक मारत नाही. भावाचा फोन आला की मला खूप बोलायचं असतं, पण तो 'हवंय का काही' असं विचारतो, आणि जे हवंय ते त्याला पाठवता येण्यासारखं नाही. मरायची मला भीती नाही. भीती ही वाटते की एखाद्या दिवशी कोणीतरी बोलायला येईल आणि माझा आवाजच फुटणार नाही.

"मापाडी, तुम्हांला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा मला तुमचा राग आला. तुम्ही ऐकताय म्हणून मी सकाळी उठत होते. दोन दिवस मी तुमच्याकडे बघितलं नाही. पण तुम्ही रोज वेळेवर उभे होतात. रोज वर बघत होतात. माझ्याकडे रोज बघणारं दुसरं कोणी नाही. उद्यापासून मी मागच्या खोलीत आहे. तिला खिडकी नाही. एवढंच कळवायचं होतं."

मला दिसत नव्हतं, पण त्यांनी चष्मा काढला असणार. कारण धुक्यातून, नेहमीपेक्षाही मोठ्याने, आवाज आला, "ऐकलं!"

शटरमागे मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले होते. मला बाहेर यायचं होतं, जिना चढून वर जायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं. मी, जिला कोणाच्या मयताला गेलं तरी दोन शब्द सुचतात! पण ऐकणारं कोणी नाही या भरवशावर ती बाई बोलली होती. मी बाहेर आले असते तर तिने बोललेलं सगळं तिच्या अंगावर पडलं असतं. मी बसून राहिले. फाटक उघडलं, ट्रक आले, गिऱ्हाईक शटर वाजवायला लागलं, तेव्हा उठले.

दुसऱ्या दिवशी पडदा पेटला. लाल अक्षरं सरकत गेली. मापाडी सवयीने वर सज्जाकडे बघत उभा होता. तिथे दार बंद होतं. त्याने 'ऐकलं' म्हटलं नाही, कोणी त्याला म्हणायलाही सांगितलं नाही. बाई माझ्या दुकानावरून गेल्या. मी म्हटलं, "काय बाई, बरं ना?" त्यांनी मान हलवली. तो सबंध आठवडा रोज त्या गेल्या, रोज मी तेच विचारलं आणि रोज त्यांनी मान हलवली. चोरून ऐकलेल्या गोष्टीबद्दल माणसाशी बोलायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मला घरचा गोंगाट सोसवेना. सासूबाई म्हणाल्या, "हिला झालंय तरी काय? घसा बसलाय का?"

रविवारी दुपारी मी घरात कोणालाही न सांगता निघाले. घड्याळवाल्याचं दुकान बंद होतं. शेजारून वर जाणारा जिना अरुंद आणि अगदी स्वच्छ होता. वर एकच दार. मी वाजवलं. आतून काहीच हालचाल नाही. या दारावर टकटक झाली तर ती चुकून झाली, असंच आतल्या माणसाला वाटत असणार. मी पुन्हा वाजवलं. कडी निघाली.

बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या मागे जिन्यात पाहिलं, आणखी कोणी आहे का ते.

वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, 'इकडूनच चालले होते' वगैरे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "बाई, थोडं मीठ मिळेल का?"

शहराच्या दुसऱ्या टोकाहून कोणी मीठ मागायला येत नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आधी चेहरा कोरा होता, मग तो गळ्यापासून कानांपर्यंत लाल झाला. दार लावतील असं मला वाटलं, आणि लावलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर आला. त्यांनी गळ्याशी हात नेला. मी थांबले. मला थांबता येतं, हे मला त्या दारातच कळलं.

"तुम्ही... खाली होतात," त्या कशाबशा म्हणाल्या.

"होते."

"किती ऐकलंत?"

"सगळं."

त्या वळून आत गेल्या. दार उघडंच होतं, पण 'या' म्हणाल्या नव्हत्या, म्हणून मी बाहेरच उभी. आत ओट्याखाली काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत मिठाचा पुडा होता, ओलसर, कडेने पुसलेला. त्यांनी तो पुढे केला. मी धरला. त्यांनी सोडला नाही.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं आणि चपला काढल्या.